भाग तेच, जागा वेगळ्या

हार्बर लाइनवर गोवंडी स्टेशनला पूर्वेकडे उतरायचं, देवनारवरून वि. ना. पुरव मार्ग धरायचा, की थोड्याच वेळात अणुशक्तीनगर लागतं. देशातली अणुवीज केंद्रं चालवणाऱ्या न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशनचं मुख्यालय इथे आहे, त्या केंद्रांवर नजर ठेवणारं अणुऊर्जा नियामक मंडळही इथेच, आणि पलीकडे खाडीच्या अंगाला भाभा अणुसंशोधन केंद्र. गोवंडीचं नाव बातम्यांत येतं ते देवनारच्या कचऱ्याच्या डोंगरामुळे किंवा शिवाजीनगर-बैंगणवाडीतल्या हालअपेष्टांमुळे. पण याच परिसरातली काही माणसं वर्षानुवर्षं एका वरकरणी बाळबोध प्रश्नाशी झुंजत आली आहेत: हातात असलेले भाग नेमके कुठे ठेवायचे?

भाग कोणते घ्यायचे, किती घ्यायचे, हे प्रश्न सगळ्यांनाच सुचतात. चांगला पंप घ्या, जोडीला आणखी एक ठेवा, डिझेल जनरेटर ठेवा. जागेचा प्रश्न मात्र बहुधा ‘सोयीनुसार’ सुटतो. सोयीनुसार म्हणजे काय, ते ३१ मार्च १९९३च्या पहाटे उत्तर प्रदेशातल्या नरोरा अणुवीज केंद्रात दिसलं.

पहिल्या युनिटच्या टर्बाइनची दोन पाती तुटली. त्या हादऱ्यात जनरेटर थंड ठेवणारा हायड्रोजन बाहेर पडला, भडका उडाला, तेल पेटलं आणि आग केबलींच्या वाटेने पुढे सरकली. अणुभट्टी ताबडतोब बंद झाली, पण अणुभट्टी बंद केली म्हणून निवत नाही. इंधनातली उष्णता काढत राहावी लागते आणि त्याला वीज लागते. विजेचे पर्याय एक सोडून अनेक होते. ग्रिड होतं, डिझेल जनरेटर होते, बॅटऱ्या होत्या. मात्र या सगळ्यांच्या केबली मध्ये पुरेसा आगरोधक आडोसा न ठेवता एकमेकींच्या सोबतीने नेलेल्या होत्या. एकीबरोबर बाकीच्याही जळाल्या. सुमारे १७ तास केंद्रात अंधार होता. धुरामुळे नियंत्रण कक्ष सोडावा लागला. शेवटी अग्निशमनासाठी ठेवलेले, डिझेलवर चालणारे पंप कामाला लावून कर्मचाऱ्यांनी त्यांचं पाणी स्टीम जनरेटरमध्ये सोडलं आणि भट्टी थंड राखली. किरणोत्सर्ग बाहेर पडला नाही, हे त्या माणसांचं श्रेय.

कागदावरचा हिशेब मात्र आधी झकास दिसत असणार. एक व्यवस्था शंभरात एकदा दगा देते असं धरलं, तर तीन स्वतंत्र व्यवस्था एकाच वेळी दगा देण्याची शक्यता दहा लाखांत एक. या वाक्यातला सगळा भार ‘स्वतंत्र’ या एका शब्दावर आहे. तीन केबली एकाच ट्रेमध्ये घातल्या की आगीच्या दृष्टीने ती एकच केबल. तिप्पट पैसे खर्च झाले आणि हाती आली एकपट खात्री.

आग, पूर, धूर असलं काही नसतानाही जागेचा परिणाम होतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. त्यासाठी एक छोटं गणित करून पाहू. गोवंडीच्या शेजारी माहुलला रिफायनऱ्या आहेत. तिथून निघणाऱ्या तेलवाहिन्या घाट चढून आत जातात. समजा अशाच एखाद्या वाहिनीवर एका ओळीत चार पंप आहेत. प्रत्येक पंपात इतका जोर आहे की पुढचा एक पंप बंद असला तरी तेल त्याच्या पलीकडे पोचतं. म्हणजे सुटा पंप बंद पडला तर काही बिघडत नाही, एक सोडून एक असे दोन बंद पडले तरी चालतं. लागोपाठचे दोन बंद पडले की मात्र वाहिनी ठप्प. आता हे पंप सारखे नाहीत. एक जुनाट आहे, दहापैकी चार वेळा दगा देणारा. बाकीचे अनुक्रमे तीन वेळा, दोन वेळा आणि एकदाच दगा देणारे. (इतके वाईट पंप कुणी लावत नाही, आकडे मुद्दाम ढोबळ घेतले आहेत, म्हणजे फरक डोळ्यांना दिसेल.)

नवे पंप विकत घ्यायचे नाहीत, दुरुस्ती करायची नाही. फक्त क्रम ठरवायचा. चार वस्तूंचे २४ क्रम होतात. डावीकडून मोजा की उजवीकडून, वाहिनी तीच, म्हणून खरे वेगळे १२. बाराही क्रमांचं गणित वहीत अर्ध्या तासात होतं. वाईटाकडून चांगल्याकडे असे ओळीने लावले, तर वाहिनी ठप्प होण्याची शक्यता १७ टक्के येते. दोन सर्वांत वाईट पंप मधोमध शेजारी शेजारी ठेवले, तर ती १९.४ टक्क्यांपर्यंत चढते. आणि सर्वांत वाईट पंप एका टोकाला, त्याच्या शेजारी सर्वांत चांगला, मग दुसऱ्या क्रमांकाचा चांगला आणि दुसऱ्या टोकाला दुसऱ्या क्रमांकाचा वाईट, असा क्रम लावला तर १०.६ टक्के. म्हणजे एक रुपया न खर्चता धोका जवळजवळ निम्मा. कारणही सरळ आहे. टोकाच्या पंपाला एकच शेजारी असतो, त्यामुळे त्याच्यामुळे जोडी जमून घात होण्याचे प्रसंग कमी. वाईटांना टोकाला पाठवायचं आणि त्यांच्या त्या एकुलत्या शेजारी भरवशाचा गडी उभा करायचा.

हा क्रम केवळ चार पंपांपुरता नाही. डर्मन, लीबरमन आणि रॉस या तीन अमेरिकी गणितज्ञांनी १९८२मध्ये कितीही भागांच्या ओळीसाठी असा सर्वसाधारण नियम सुचवला, आणि पुढच्या काही वर्षांत तो सिद्धही झाला. त्याचं खरं सौंदर्य असं की नेमके आकडे माहीत नसले तरी चालतं. कोण कोणापेक्षा चांगला एवढं कळलं की क्रम ठरला. कारखान्यातल्या फोरमनला एवढं तर नक्की माहीत असतं.

मग सूत्र असताना संगणकाला का कामाला लावायचं? कारण ‘लागोपाठ दोन’ऐवजी ‘लागोपाठ तीन’ बंद पडल्यावर ठप्प होणारी वाहिनी घेतली, की हे सूत्र कोलमडतं. १९८५मध्ये मॅलन यांनी दाखवून दिलं की थोडे अगदी टोकाचे प्रकार सोडले, तर नुसतं कोण कोणापेक्षा चांगला यावरून ठरणारा सर्वोत्तम क्रम असूच शकत नाही. म्हणजे कुणाला सापडला नाही असं नव्हे, नाहीच. प्रत्येक वेळी खरे आकडे घेऊन शोधावं लागणार. आणि शोधायचं तर किती? दहा भागांचे क्रम ३६ लाखांच्या वर जातात, ते संगणक चुटकीसरशी तपासेल. वीस भागांचे क्रम मात्र २४ वर १७ शून्यं इतके होतात, आणि तिथे चुटकी वाजवून भागत नाही.

अशा ठिकाणी पहिला सुचणारा उपाय म्हणजे कुठूनतरी सुरुवात करायची, दोन भागांची अदलाबदल करून पाहायची, सुधारणा झाली तर ठेवायची, नाही तर दुसरी जोडी पाहायची. हा उपाय वाईट नाही, पण धुक्यात कळसूबाई चढायला निघालेला माणूस शेजारच्या टेकाडावर पोचून ‘आता सगळीकडे उतारच आहे, म्हणजे हेच शिखर’ म्हणत बसतो, तशी त्याची गत होते. जेनेटिक अल्गोरिदम नावाच्या संगणकी पद्धतीने इथे युक्ती काढली ती एकाऐवजी शंभर-दोनशे माणसं वेगवेगळ्या पायथ्यांवरून सोडायची, आणि मुख्य म्हणजे त्यांना एकमेकांकडून शिकू द्यायचं.

या पद्धतीचे जनक अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातले जॉन हॉलंड. त्यांचं पायाभूत पुस्तक १९७५चं. त्यांचा विद्यार्थी डेव्हिड गोल्डबर्ग मूळचा स्थापत्य अभियंता. त्याने १९८३च्या प्रबंधात ही पद्धत लावली ती गॅसच्या पाइपलाइनला. जीवशास्त्रातून उसनी घेतलेली कल्पना आणि तिचं एक गाजलेलं सुरुवातीचं काम पाइपलाइनवर, हा योग मला भारी आवडतो. पुढे ही पद्धत एकाच वेळी अनेक उद्दिष्टं सांभाळू शकेल असं तिचं रूप आयआयटी कानपूरला कल्याणमय देब आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी घडवलं. २००२मध्ये प्रसिद्ध झालेली त्यांची ‘एनएसजीए-टू’ ही पद्धत आज जगभर वापरली जाते.

पद्धत अशी. आधी शंभरेक क्रम वाटेल तसे बनवायचे. प्रत्येकाची विश्वासार्हता मोजायची. हा त्याचा गुण. जास्त गुणवाल्यांना पुढच्या पिढीत ‘अपत्यं’ होण्याची संधी जास्त, कमी गुणवाल्यांना कमी, पण अगदीच शून्य नाही. दोन पालक क्रम घेऊन त्यांची सरमिसळ करायची. अधूनमधून एखाद्या अपत्यात उगाचच एखादी अदलाबदल करायची, म्हणजे सगळं कुटुंब एकाच चेहऱ्याचं होत नाही. सगळ्यांत चांगले दोन-तीन क्रम मात्र जसेच्या तसे पुढे न्यायचे, ते हरवता कामा नयेत. अशा दोन-चारशे पिढ्या.

ऐकायला सोपं, पण सरमिसळ करताना लगेच ठेच लागते. आठ पंपांचे दोन क्रम घ्या. पहिला ३ ७ १ ५ ८ २ ६ ४, दुसरा ८ १ ४ २ ६ ७ ३ ५. पहिल्याचा पुढचा अर्धा भाग आणि दुसऱ्याचा मागचा अर्धा भाग जोडला, तर येतं ३ ७ १ ५ ६ ७ ३ ५. यात तीन, पाच आणि सात नंबरचे पंप दोन-दोनदा आले आणि दोन, चार, आठ गायब. असा क्रम गोदामात कुठे शोधणार? म्हणून क्रमांसाठी सरमिसळीचे वेगळे नियम बनवावे लागले. एक साधा नियम: पहिल्याचा पुढचा अर्धा भाग ठेवायचा, आणि उरलेले पंप दुसऱ्याच्या क्रमात ज्या ओघाने येतात त्या ओघाने लावायचे. मग मिळतं ३ ७ १ ५ ८ ४ २ ६. प्रत्येक पंप एकदाच आला, आणि दोन्ही पालकांच्या मांडणीचा काही ना काही अंश उतरला. या पद्धतीचं यश अशा बारीकसारीक नियमांवर ठरतं. जनुकं, उत्क्रांती वगैरे मोठे शब्द त्यामानाने सजावटीचे.

आता पंप सोडू आणि अणुशक्तीनगरला परत येऊ. आपल्या २२० मेगावॉटच्या जडपाणी अणुभट्टीत ३०६ आडव्या नळ्या असतात. त्यांना चॅनल म्हणतात. प्रत्येक चॅनलमध्ये इंधनाची १२ बंडलं एकापुढे एक. (तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या, ५४० मेगावॉटच्या भट्ट्यांत असे ३९२ चॅनल आहेत.) चालू भट्टीत काही बंडलं नवी, काही अर्धी वापरलेली असतात आणि मध्यभागी जास्त वापरलेली, त्यामुळे उष्णता सगळीकडे बऱ्यापैकी सारखी पसरते. पण भट्टी पहिल्यांदा भरतात तेव्हा सगळीच बंडलं कोरी. मग न्यूट्रॉनांची गर्दी मध्यभागी होते आणि मधले चॅनल मर्यादेबाहेर तापू पाहतात. त्यांना जपायचं तर सगळी भट्टीच कमी शक्तीवर चालवावी लागते. उपाय म्हणजे काही ठिकाणी न्यूट्रॉन गिळणारी ‘थंड’ बंडलं ठेवायची. पूर्वी त्यासाठी युरेनियम-२३५चं प्रमाण कमी असलेलं, उरलंसुरलं युरेनियम वापरत. नंतर विचार आला थोरियमचा. ते केरळ, तमिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या वाळूत मुबलक आहे, आणि न्यूट्रॉन गिळून त्याचं युरेनियम-२३३ होतं, म्हणजे गिळलेलं अगदीच वाया जात नाही.

पण थोरियमची बंडलं ठेवायची कुठे? मध्यभागी कोंबली की उष्णता सपाट होईल हे खरं. मात्र भट्टी तातडीने बंद करणाऱ्या नियंत्रक दांड्याही न्यूट्रॉन गिळूनच काम करतात. दांडी जिथे उतरते तिथले न्यूट्रॉन थोरियमने आधीच खाल्ले असतील, तर दांडीची धार बोथट होते. म्हणजे शक्ती वाढवायला ठेवलेली वस्तू सुरक्षेच्या मुळावर येऊ शकते. कमला बालकृष्णन आणि अनिल काकोडकर यांनी यावर काम केलं आणि ते १९९४मध्ये प्रसिद्ध झालं. काकोडकर पुढे भाभा केंद्राचे संचालक आणि मग अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले. त्यांचं उत्तर होतं ३५ बंडलं, भट्टीभर विखुरलेली, अशा जागी की भट्टी पूर्ण शक्तीवर चालावी आणि बंद करण्याच्या यंत्रणेचा जोरही कमी होऊ नये. गुजरातमधल्या काक्रापारची पहिली भट्टी सप्टेंबर १९९२मध्ये सुरू झाली ती अशी थोरियमची बंडलं घेऊनच. नंतरच्या काही भट्ट्यांतही हीच युक्ती वापरली गेली.

३५ या आकड्यामागे किती पर्याय दडलेत, याचा अंदाज घ्या. ३०६ चॅनलांपैकी ३५ निवडायचे, एका चॅनलात एकच बंडल, आणि ते चॅनलात पुढे-मागे कुठे हा प्रश्नही बाजूला ठेवला, तरी निवडीचे प्रकार १ वर ४६ शून्यं इतके होतात. भट्टीची डावी-उजवी बाजू सारखी धरून ते बरेच कमी करता येतात, पण उरतात तेही कुणी एकेक तपासावेत असे नाहीत. शिवाय इथे एक मांडणी तपासणं म्हणजे चार पंपांचा गुणाकार नव्हे. प्रत्येक मांडणीसाठी भट्टीभर न्यूट्रॉन कसे पसरतील याचं पूर्ण गणित सोडवावं लागतं.

हा प्रश्न मिश्रा, मोडक आणि गणेशन या संशोधकांनी २००९च्या सुमारास पुन्हा हातात घेतला, आणि या वेळी जेनेटिक अल्गोरिदमच्या घराण्यातल्या उत्क्रांतीच्या पद्धती लावल्या. अशा कामात मांडणीला गुण देताना एकच गोष्ट पाहून भागत नाही. इंधनातून निघणारी एकूण ताकद जास्तीत जास्त हवी, सर्वांत तापलेल्या चॅनलची आणि बंडलाची शक्ती मर्यादेत हवी, आणि बंद करण्याची क्षमता ठरलेल्या रेषेच्या वर हवी. मर्यादा मोडणाऱ्या मांडणीला बाद करण्याऐवजी तिचे गुण कापतात. कारण आज मर्यादा जराशी मोडणारी मांडणी उद्या एखाद्या उत्तम मांडणीची आई होऊ शकते. दंड किती लावायचा हे मात्र माणसाने ठरवायचं, आणि तिथेच हात तयार लागतो. दंड फार हलका ठेवला तर अल्गोरिदम निर्ढावतो, फार जड ठेवला तर घाबरून एका कोपऱ्यात बसतो.

या पद्धतीबद्दल एक तक्रार करायलाच हवी. अभियांत्रिकीच्या प्रकल्पांत आणि शोधनिबंधांत तिचा सरसकट मारा चालतो. जिथे सूत्र आहे तिथेही पिढ्या मोजत बसतात, आणि आलेल्या उत्तराला बिनदिक्कत ‘सर्वोत्तम’ म्हणतात. जेनेटिक अल्गोरिदम उत्तर सर्वोत्तम असल्याची हमी देत नाही. दोनदा चालवलं तर दोन उत्तरं येऊ शकतात. शिवाय भागांच्या बिघाडाचे आकडे मुळात अंदाजाचे असतात. नव्या पंपाचा तर इतिहासच नसतो. असे आकडे घालून तिसऱ्या दशांशापर्यंत सुधारणा मिरवण्यात काय हशील? त्यापेक्षा आकडे थोडे हलवून पाहावेत आणि तरीही टिकून राहणारी मांडणी घ्यावी. अलीकडचे संशोधक निदान एक शहाणपणाची जोड देतात. बर्नबॉम या गणितज्ञाने १९६९मध्ये एक मोजमाप सुचवलं होतं: कोणत्या जागेवरचा भाग सुधारला तर सगळ्या यंत्रणेत सर्वाधिक फरक पडतो. ज्या जागेचं वजन जास्त तिथे चांगला भाग, या साध्या न्यायाने प्रत्येक अपत्याला आधी थोडं सावरायचं आणि मग पुढच्या पिढीत सोडायचं. आंधळी उत्क्रांती आणि डोळस दुरुस्ती एकत्र आली की उत्तर लवकर आणि अधिक चांगलं मिळतं.

आणि नरोराची आग? समजा १९८०च्या दशकात त्या केबलींची मांडणी जेनेटिक अल्गोरिदमने ठरवली असती, आणि गुण दिले असते ते केबलची लांबी कमी, वळणं कमी, खर्च कमी यावर. त्याने त्या सगळ्या केबली नक्की एकाच ट्रेमध्ये घातल्या असत्या, आणि त्याच्या दृष्टीने ते अगदी बरोबर असतं. तराजूत आग घातली नसेल तर पारड्यात ती येणार कशी? एकाच कारणाने अनेक भाग एकदम निकामी होण्याची शक्यता गुणांच्या सूत्रात माणसालाच लिहावी लागते: या दोन केबलींमध्ये इतकं अंतर, ही भिंत मध्ये हवी, हे दोन डिझेल जनरेटर एका खोलीत नकोत. आपल्या जडपाणी भट्ट्यांत महत्त्वाचं मोजमाप तीन वेगळ्या साखळ्यांतून घेतात आणि तिघांपैकी दोघांनी सांगितलं की भट्टी बंद होते. या तीन साखळ्यांच्या केबली वेगळ्या वाटांनी न्यायच्या, हा नियम कुठल्याही अल्गोरिदमच्या आधीचा आणि वरचा.

मुंबईकरांनाही याची चव एकदा मिळाली आहे. १२ ऑक्टोबर २०२०च्या सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा भागातल्या उच्चदाब वाहिन्या बंद पडल्या आणि शहरातल्या लोकल जागच्या जागी थांबल्या. शहरात वीज आणणाऱ्या वाहिन्या एकाहून जास्त आहेत. प्रश्न त्या कुठून येतात आणि एक दुरुस्तीला घेतली असताना बाकीच्यांवर काय वेळ येते हा होता. इथेही मोजणी करायची ती संख्येची नाही, जागेची आणि वेळेची.

भट्टीपुरतं बोलायचं तर पहिली मांडणी काही कायमची नसते. जडपाणी भट्टीत इंधन भट्टी चालू असतानाच बदलतात. चॅनलच्या दोन्ही तोंडांना दोन यंत्रं लागतात, एक नवी बंडलं आत ढकलतं, दुसरं जुनी काढून घेतं. २२० मेगावॉटच्या भट्टीत साधारणपणे एका वेळी आठ बंडलं बदलली जातात. थोरियमचीही यथावकाश बाहेर येतात आणि मांडणी रोज थोडी थोडी बदलत जाते. त्यामुळे पुढचा चॅनल कोणता, हा प्रश्न केंद्रातल्या इंधन अभियंत्यापुढे वर्षभर रोज असतो. ३०६पैकी कुठला चॅनल उघडला तर शक्ती टिकेल, शेजारचे चॅनल फार तापणार नाहीत आणि दांड्यांचा जोरही शाबूत राहील, ते संगणकावर आधी चालवून पाहायचं, दोन-तीन नावं काढायची आणि मग त्यातलं एक नक्की करायचं.